सहकार : स्वभावाचा प्रश्न की रचनेचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादी सहकारी सोसायटी बुडाली, युनियनची वर्गणी थकली, गावाने मिळून बांधलेला बंधारा देखभालीवाचून फुटला की एक वाक्य हमखास कानी पडते : माणूस मुळातच स्वार्थी आहे, तेथे तुमच्या समाजवादाचे काय चालणार! चळवळीतील माणसाचे यावरील उत्तरही ठरलेले असते. माणूस मुळात चांगलाच आहे, व्यवस्थेने त्याला बिघडविले, असे तो सांगतो. ही दोन विधाने परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे. सहकाराचे मूळ दोघेही एकेकट्या माणसाच्या अंतःकरणात शोधतात. एकाला तेथे लोभ सापडतो, दुसऱ्याला सद्भाव.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्राणिशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र अशा तीन निरनिराळ्या वाटांनी या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जात आहे. सहकार टिकतो की मरतो हे बव्हंशी ठरते ते, माणसे कोणत्या गटांत, कोणाबरोबर, किती काळ आणि कोणत्या नियमांनी एकत्र येतात यावरून. स्वभाव तोच राहिला आणि गटाची घडण बदलली तरी परिणाम उलटा होऊ शकतो. संघटना बांधणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांना याहून अधिक जवळचा सिद्धान्त दुसरा कोणता असणार?

डार्विनपुढील पेच

डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली निघाला आणि 'बळी तो कान पिळी' हाच निसर्गाचा कायदा असल्याचा डांगोरा पिटण्यात आला. ज्या 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' या शब्दप्रयोगाच्या आधारे हे करण्यात आले, तो मुळात डार्विनचा नव्हे. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली वापरला आणि डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. १८८८ साली टी. एच. हक्स्ले यांनी एका गाजलेल्या लेखात प्राणिसृष्टीची तुलना रोमन मल्लांच्या जीवघेण्या आखाड्याशी केली. त्याला उत्तर देण्यासाठी पीटर क्रोपोत्किन पुढे सरसावला. तरुणपणी, १८६२ ते १८६७ या काळात, त्याने सैबेरिया पायाखाली घातला होता. तेथील कडाक्याच्या थंडीत त्याला दिसला तो प्राण्यांचा आपसांतील लढा नव्हे, तर निसर्गाशी एकजुटीने दिलेली झुंज. १८९० पासून त्याने यावर लेख लिहिले आणि १९०२ साली ते 'म्युच्युअल एड' या नावाने ग्रंथरूप झाले.

क्रोपोत्किनचे ऋण मोठे आहे. पण त्याच्या मांडणीत एक दुवा निसटला होता. निसर्गात परस्परसाहाय्य आहे, हे त्याने उदाहरणांचा डोंगर रचून दाखविले. ते टिकते कसे, हे मात्र दाखविले नाही. गंमत अशी की, हा दुवा निसटलेला आहे हे खुद्द डार्विनने १८७१ च्या 'डिसेन्ट ऑफ मॅन' या ग्रंथातच हेरले होते. ज्या टोळीत एकमेकांसाठी झीज सोसणारी माणसे पुष्कळ, ती टोळी इतर टोळ्यांवर मात करील, हे त्याने मान्य केले. पण त्याच टोळीच्या आत काय होईल? जो सर्वांच्या पुढे होऊन संकट अंगावर घेतो तो मरतो, त्याची संतती खुंटते. मागे राहणारा वाचतो आणि त्याचा वंश वाढतो. म्हणजे टोळीच्या बाहेर जो गुण विजयी, तोच टोळीच्या आत पराभूत. हा पेच डार्विनला पूर्णपणे सुटला नाही, आणि पुढील सर्व अभ्यास या एका पेचाभोवती फिरत राहिला.

एक साधा हिशेब

पेच उलगडण्यासाठी मोठ्या गणिताची गरज नाही. पाटीवर मांडता येईल एवढा हिशेब पुरेसा आहे. दोन कल्पित वस्त्या घेऊ या. प्रत्येकीत शंभर जण. पहिल्या वस्तीत ८० सहकारी वृत्तीचे आणि २० फुकटे. दुसरीत उलट, २० सहकारी आणि ८० फुकटे. दोन्ही मिळून सहकारी १०० आणि फुकटे १००, म्हणजे प्रमाण निम्मे-निम्मे.

पहिल्या वस्तीत कामाला हात पुष्कळ, म्हणून ती भरभराटीस येते. पुढच्या पिढीत तिची संख्या १८० होते; त्यांत १४० सहकारी आणि ४० फुकटे. फुकटे दुप्पट झाले, सहकारी मात्र पावणेदोन पटच वाढले. वस्तीच्या आत फुकट्यांनीच बाजी मारली, आणि सहकाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ७८ टक्क्यांच्याही किंचित खाली आले. दुसरी वस्ती रखडत ११० पर्यंत पोचते. तीत २० सहकारी आणि ९० फुकटे. येथेही सहकाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांवर घसरले. म्हणजे दोन्ही वस्त्यांत सहकार हरला. आता दोन्हींची बेरीज करा. एकूण लोक २९०, त्यांपैकी सहकारी १६०. प्रमाण ५० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले! प्रत्येक वस्तीत हरलेला सहकार एकंदर लोकसंख्येत जिंकला. ही हातचलाखी नव्हे. सहकारी लोक ज्या गटात अधिक होते तो गटच अधिक वाढला, एवढाच याचा अर्थ आहे.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात. पहिली : गटागटांत फरक असेल तरच हा परिणाम घडतो. दोन्ही वस्त्यांत निम्मे सहकारी आणि निम्मे फुकटे असते, तर दोन्ही सारख्याच वाढल्या असत्या आणि फुकट्यांचा आतला फायदा तेवढा शिल्लक उरला असता. सहकारी माणसे विखुरली की संपतात. एकमेकांच्या संगतीत सापडली की तगतात. दुसरी : गट कायमचे बंद राहिले तर पहिल्या वस्तीतील फुकटे पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन अखेर तिलाही पोखरून काढतील. म्हणून गटांची अधूनमधून नव्याने बांधणी व्हावी लागते. तिसरी : आतला फायदा आणि बाहेरचा फायदा यांची ही रस्सीखेच आहे, कोणती बाजू जड होईल, हे गटाच्या रचनेवर अवलंबून राहते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी १९६४ साली गवताच्या गंजीत राहणाऱ्या उंदरांचे कल्पित उदाहरण घेऊन हाच प्रश्न मांडला. असा सहकार फार थोड्या परिस्थितींत टिकेल, असे त्यांचे त्या वेळचे मत होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज प्राइस यांनी गटांतर्गत निवड आणि गटागटांतील निवड यांचे हिशेब वेगळे काढून दाखविणारे समीकरण दिले, आणि वादाला मोजमापाचा पाया मिळाला.

पिंजऱ्यातील पुरावा

कागदावरील हिशेब प्रत्यक्षात उतरतो काय? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी कोंबड्यांवर केलेले प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाले. अंडी देणाऱ्या कोंबड्या एका पिंजऱ्यात अनेक कोंबल्या की त्या एकमेकींना टोचून जखमी करतात, मारूनही टाकतात. पैदास करणाऱ्यांची नेहमीची रीत अशी की, सर्वांत जास्त अंडी देणारी कोंबडी निवडावयाची. पण ती कोंबडी सर्वांत जास्त अंडी देते ती कदाचित शेजारणींना टोचून, त्यांच्या वाट्याचे खाऊन! तिची पैदास करणे म्हणजे दांडगाईचीच पैदास करणे. म्यूर यांनी एकेक कोंबडी न निवडता, एका नराच्या लेकी एकत्र ठेवलेले पिंजरेच्या पिंजरे निवडले. ज्या पिंजऱ्याचे एकत्रित उत्पन्न अधिक त्याचा वंश पुढे चालविला. थोड्याच पिढ्यांत वर्षाकाठचा मृत्यूचा आकडा ६८ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर आला आणि दर कोंबडीमागे अंड्यांची संख्या ९१ वरून २३७ वर गेली.

येथे एक सावधगिरी हवी. त्या पिंजऱ्यांतील कोंबड्या सख्ख्या किंवा सावत्र बहिणी होत्या, म्हणजे नात्याचाही त्यात वाटा होता. आप्तांसाठी केलेली झीज वंशात कशी टिकते, याचे गणित विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडले. त्याची चाहूल जे. बी. एस. हाल्डेन यांच्या १९५५ च्या एका लेखात लागते. साम्यवादी विचारांचे हे थोर शास्त्रज्ञ १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. परंतु नाते हा एकसारख्यांना एकत्र आणण्याचा केवळ एक मार्ग आहे. माणसांच्या बाबतीत ते काम रक्ताऐवजी करार, नियम आणि ओळखपाळख हीही करू शकतात. समाजवादी विचाराला जागा मिळते ती नेमकी येथे.

दोघांचा व्यवहार आणि समूहाचा व्यवहार

दोघांतील सहकाराचा उलगडा तुलनेने सोपा निघाला. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर डावपेचांच्या स्पर्धा भरविल्या. त्यांत प्रत्येक डावाला दोघांनी एकमेकांना साथ द्यावयाची की दगा, हे ठरवावयाचे असे. दोन्ही स्पर्धा जिंकल्या त्या ॲनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठविलेल्या सर्वांत साध्या डावपेचाने : प्रथम साथ द्या, नंतर समोरचा करील तसे करा. 'जशास तसे' ही म्हण गणितात उतरली. अट एकच, पुन्हा गाठ पडण्याची शक्यता हवी. ज्याच्याशी उद्या व्यवहार करावयाचा आहे त्याला आज कोणी सहसा फसवीत नाही.

पण गट मोठा झाला की हे शस्त्र बोथट होते. वीस जणांच्या कामात एकाने अंग चोरले तर उरलेल्यांनी काय करावे? तेही अंग चोरू लागले तर शिक्षा एकट्या चोराला न होता सर्वांनाच होते. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी १९८८ साली गणिताने दाखविले की, गट जसा मोठा होतो तसा निव्वळ परतफेडीवर उभा राहिलेला सहकार झपाट्याने अवघड होत जातो. मँकर ओल्सन यांनी १९६५ साली युनियनच्या संदर्भात हेच सांगितले होते. पगारवाढ सभासदाला मिळते तशी बिगर-सभासदालाही मिळते, मग वर्गणी कोणी का भरावी?

झूरिक येथील अर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नाच्या गाभ्यास हात घालतो. चार जणांचा गट. प्रत्येकाजवळ २० नाणी. सामाईक पेटीत टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणे मिळावयाचे. सर्वांनी सर्व नाणी टाकली तर प्रत्येकास ३२ मिळतात. कोणीच टाकली नाहीत तर ज्याची २० त्याच्याजवळ राहतात. पण तिघांनी टाकली आणि एकाने हात आखडता घेतला, तर त्या एकाला ४४ आणि तिघांना प्रत्येकी २४! डाव दहा वेळा खेळला गेला. प्रारंभी लोकांनी बऱ्यापैकी नाणी टाकली. पण फुकट्याला होणारा लाभ दिसू लागला तशी दानत आटत गेली. नंतर नियम बदलला. स्वतःची थोडी पदरमोड करून दुसऱ्याला दंड करण्याची मुभा मिळाली. तेव्हा वर्गणी वाढू लागली, आणि तेच चौघे शेवटपर्यंत एकत्र होते त्या गटांत तर ती जवळजवळ पूर्ण झाली. माणसे त्याच प्रकारची होती, नाणी तेवढीच होती. बदलला तो गटाचा नियम.

अर्थात दंडुका हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. हाच प्रयोग पुढे जगातील १६ शहरांत करण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत काही शहरांचे विपरीत चित्र दिसते. तेथे दंड झालेल्यांनी जास्त वर्गणी देणाऱ्यांवरच सूड उगविला आणि सहकार वाढलाच नाही. कायद्याची चाड आणि नागरिकत्वाची जाण जेथे दुबळी, तेथे असे घडण्याचा संभव अधिक आढळला. पुढे होऊन काम करणाऱ्यालाच 'हा मोठा शहाणा' म्हणून खाली ओढणारी मंडळी कोणत्या तालुक्यात नाहीत? दंड करण्याचा अधिकार सर्वमान्य नियमातून आला पाहिजे, नाहीतर त्याचेच हत्यार होऊन ते सहकारावर उलटते.

सामाईक मालमत्तेचे भवितव्य

हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नाही. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादिले की, जे सर्वांचे ते उजाड होणारच. प्रत्येक गुराखी आपले आणखी एक जनावर चरावयास सोडणार. त्यांच्या मते उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा सरकारी अंमल. उजव्यांनी यातला पहिला उचलला आणि डाव्यांतील अनेकांनी दुसरा. तिसरी वाट दाखविली ती एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने. स्वित्झर्लंडमधील ट्योरबेल गावाने १५१७ सालीच असा नियम केला होता की, हिवाळ्यात आपल्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसता येतील त्याहून अधिक कोणी उन्हाळी कुरणात नेऊ नयेत. अशा अनेक दाखल्यांच्या आधारे १९९० च्या आपल्या ग्रंथात तिने दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांची समान लक्षणे मांडली. सभासद कोण आणि साधन कोणते याची स्पष्ट हद्द. स्थानिक परिस्थितीशी जुळणारे नियम. नियम करण्यात सभासदांचा हात. देखरेख करणारे सभासदांस जबाबदार. दंड प्रथम हलका, मग चढता. तंटा जागच्या जागी मिटविण्याची सोय. सरकारकडून या हक्काला मान्यता. आणि व्याप मोठा असल्यास लहान गटांवर उभारलेली उतरंड. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. हार्डिन यांनीही पुढे, १९९८ साली, आपले विधान व्यवस्थापन नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरते असावयास हवे होते, अशी दुरुस्ती केली.

महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक आणि फडांतून पिकांची फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विभागलेली. त्यामुळे टंचाईच्या वर्षी एखाद्या फडाला पाणी नाकारले तरी त्याची झळ सर्वांना वाटून जाते. शेताला पाणी देण्याचे काम मालकाचे नव्हे, ते पाटकऱ्याचे, राखण जागल्याची, मोबदला पिकाच्या रूपाने. येथे कोणाच्या सज्जनपणाची परीक्षा होत नाही. रात्री चारी फोडून पाणी पळवावे, तर शेजारच्या त्याच पिकाशी तुलना होऊन चोरी सकाळी उघडी पडावयाची. चोरी अवघड आणि सहकार सोपा करणारी ही रचना आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभारलेली पाणी पंचायत तर याहून पुढे गेली. तिने पाणी जमिनीच्या मालकीपासून तोडले आणि माणसाशी जोडले. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर एवढ्यापुरते पाणी, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाही, उसाला मनाई, योजनेच्या खर्चात सभासदांचा स्वतःचा हिस्सा. गटाच्या आत मोठा आणि लहान यांतील दरी जेवढी कमी, तेवढे नियम पाळण्यात प्रत्येकाचे हित अधिक, हे येथे दिसते. उलट सभासद हजारांनी मोजावे लागतात, सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा भरते आणि हिशेब तपासणारा संचालकांच्याच मर्जीतला असतो, तेथे 'सहकार' हा शब्द फलकावर राहतो आणि सभासद परस्परांना अनोळखी होतात. मग तेथे फुकटा वरच्या खुर्चीत जाऊन बसला तर नवल कसले?

घट्ट गटाची काळी बाजू

येथवरचे विवेचन ऐकून कोणी म्हणेल की, मग गट लहान, घट्ट आणि एकजिनसी करा म्हणजे झाले. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. जुंग-क्यू चोई आणि सॅम्युअल बोल्स यांनी २००७ साली संगणकावर प्राचीन टोळ्यांचे एक प्रतिमान चालवून पाहिले. त्यात स्वकीयांसाठी झीज सोसण्याची वृत्ती आणि परक्यांविषयीचे वैर या दोन गोष्टी एकेकट्या वाढेनात. पण हातात हात घालून मात्र वाढल्या. प्रतिमान म्हणजे इतिहास नव्हे, हे खरे. तथापि आतल्या आपुलकीला बाहेरच्या द्वेषाचे खत मिळू शकते, हा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या देशाने तो इशारा शतकानुशतके भोगला आहे. जात हा एक अत्यंत घट्ट गट आहे. आतल्या आत मदत आहे, जातपंचायत आहे, दंड आहे आणि त्या दंडाचे सर्वांत जहरी रूप म्हणजे बहिष्कार. ऑस्ट्रॉमच्या यादीतील कित्येक लक्षणे तेथे सापडतील. पण हद्द जन्माने आखलेली आणि नियम बदलण्याचा हक्क कोणालाच नाही. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांस खुले केले होते. तरीही अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह हा, 'सर्वांचे' या शब्दातील 'सर्व' कोण, या प्रश्नाचे उत्तर मागणारा होता. जातीने सार्वजनिक वृत्तीच मारून टाकली, या त्यांच्या १९३६ च्या निष्कर्षाचा अर्थ या विवेचनाच्या उजेडात अधिकच स्पष्ट होतो. जेथे आपलेपणा जातीच्या वेशीशी संपतो तेथे वेशीपलीकडच्या कामात प्रत्येक जण फुकटा होतो. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हे दुखणे किती चिवट आहे ते कळते.

तेव्हा गट हवा. पण त्याची हद्द जन्माने न आखता कामाने आणि कराराने आखलेली हवी. एकच माणूस युनियनमध्ये, पाणीवाटप संस्थेत, ग्रंथालयात आणि ग्रामसभेत वेगवेगळ्या लोकांबरोबर बसत असेल, तर कोणताही एक गट त्याचे सर्व जग होऊन बसत नाही. मघाच्या हिशेबातील गटांची अधूनमधून होणारी नवी बांधणी ती हीच.

आणखी एक गैरसमज वेळीच दूर करावयास हवा. गटागटांत निवड होते याचा अर्थ दुबळे गट मेले पाहिजेत, असा नव्हे. उंदरांत आणि कोंबड्यांत निवड जन्ममरणाने होते; माणसांत ती अनुकरणानेही होते. एका गावाची पाणीवाटपाची रीत चांगली चालली तर दुसरे गाव ती पाहून उचलते. त्यासाठी कोणाचा वंश खुंटण्याची गरज नाही. गटांच्या झुंजीचे तत्त्वज्ञान सांगून युद्धाचे आणि वंशश्रेष्ठत्वाचे समर्थन करणारे लोक विज्ञानाचा आधार घेत असल्याचा आव आणतात. हा फरक मात्र गिळून टाकतात.

कार्यकर्त्यापुढील काम

या सर्व अभ्यासातून कार्यकर्त्याच्या हाती काय लागते? एक तर निराशेपासून सुटका. संस्था बुडाली म्हणजे माणूस नालायक ठरला, असे नाही. त्या संस्थेची घडण कोठे सैल होती हे शोधता येते आणि सुधारताही येते. दुसरे, भाबडेपणापासून सुटका. त्यागाची भाषणे करून संघटना टिकत नाही. जो त्याग करतो तो एकटा पडणार नाही, त्याची झीज फुकट्याच्या पोटात जाणार नाही, अशी तजवीज करावी लागते. शाखा इतकी लहान असावी की, कोण आले आणि कोण आले नाही ते सर्वांना दिसेल. भेटी नियमाने व्हाव्यात. हिशेब दरमहा फळ्यावर लागावा. चुकणाऱ्यास प्रथम समज मिळावी आणि मग दंड व्हावा. तो दंड पुढाऱ्याच्या नातलगालाही लागू असावा. नियम बदलण्याचा अधिकार सभासदांचा असावा. आणि लहान शाखांची साखळी वर तालुक्यापर्यंत, जिल्ह्यापर्यंत अशी जावी की, वरच्याला खालच्यापुढे हिशेब द्यावाच लागेल.

ही कामे दिसावयास किरकोळ आहेत. वर्गणीची पावती वेळेवर फाडणे, सभेचे इतिवृत्त लिहिणे, पाण्याची पाळी काटेकोर पाळणे यांत क्रांतीचा आवेश नाही. परंतु परस्परसाहाय्य निसर्गात आहे, हे क्रोपोत्किनने सांगितल्याला शतक उलटून गेले. ते टिकते कशाने, याचेही उत्तर आता बऱ्याच अंशी हाती आले आहे. ते उत्तर संघटनेच्या रोजच्या व्यवहारात उतरविणे एवढेच शिल्लक राहते, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.